दवातला चतुर

दौलताबादच्या पुढं रिक्षा माळाजवळ थांबली तेव्हा नुकतं उजाडत होतं. मेहरुन्निसा उतरली आणि ओल्या गवतातून सावकाश चालू लागली.

रविवारी तिच्या नवऱ्याच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. शहरातल्या एका हॉलमध्ये चाळीस फोटो लागणार होते. दवानं भिजलेले चतुर, नाकतोडे, मधमाश्या. प्रत्येकाखाली नाव शफीक शेख. त्याआधी ही जागा तिला एकदा बघायची होती. ते असताना ती कधी आलीच नव्हती. उलट, शाळेतून निवृत्त झालेला माणूस थंडीत रोज पहाटे किड्यांमागं जातो, म्हणून भांडायची.

शेवटच्या दोन हिवाळ्यांत मास्तरांचे हात कापायला लागले. तेव्हा तर ती फारच चिडायची.

"वहां हात नई कांपता, मेहरू," ते हसून म्हणायचे.

आणि खरंच, त्या दोन हिवाळ्यांतले फोटो सगळ्यांत रेखीव होते. प्रदर्शनासाठी निवडलेले बहुतेक तेव्हाचेच.

समोरून मेंढ्या हाकत एक बाई आली. माळावरच्या बानाबाईचं नाव मास्तरांच्या बोलण्यात नेहमी यायचं.

"बानाबाई ना तुम्ही? मी शफीक मास्तरांची..."

"भाभी व्हय?" बानाबाई थबकली. "मास्तर गेल्याचं लई उशिरा कळलं मला. मी आपली रोज वाट बघायची."

मेहरुन्निसानं पिशवीतून एक फोटो काढला. चतुराच्या डोळ्यांवर दवाचे थेंब, मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. बानाबाईनं पदराला हात पुसून तो घेतला.

"ह्यो व्हय! ह्यानं लई तंगवलं. ऊन लागलं का पंख सुकतेत, मग उडून जातंय. दम रोखून धरावा लागतो, नायतर थेंब हलतोय."

"तुमच्यासमोरच काढला?"

"व्हय की."

मेहरुन्निसाला बरं वाटलं. इतक्या थंडीत ते अगदीच एकटे नव्हते तर.

"रविवारी तुम्ही या. मेंढ्या तुम्ही लांब ठेवायचात, म्हणून त्यांना हे जमलं. आभाराच्या पाटीवर तुमचं नाव लिहिते."

"नाय, नाय. माझं नाव कशाला?"

"बरं, एवढं दाखवा. फोटो काढायला ते नेमके कुठं आडवे पडायचे? मला तिथं जरा बसायचंय."

बानाबाईनं बांधाजवळचा सपाट दगड दाखवला. "तिथं बसा. मास्तर तिथंच बसायचे."

"आणि फोटो काढताना?"

"तवाबी तिथंच. तिथनंच सांगायचे, जरा डावीकडं सरक, आता दाब." बानाबाई अजून त्या चतुराकडंच बघत होती. "आडवी मी पडायची."