कवळ्या

प्रत्येकीच्या डबीपाशी नाक दाबून थांबण्यापेक्षा तेजलने वॉर्डातल्या सगळ्या आज्यांच्या कवळ्या एकाच टबात ओतल्या. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी ही घाण नशिबी! पाण्यावर मऊ झालेली शितं, भाजीचे धागे आणि बुळबुळीत पिवळट तवंग आला, तसं तिने तोंड फिरवलं. कशाबशा खंगाळून तिने त्या बाहेर काढल्या, आणि मग तिच्या लक्षात आलं. कुठली कवळी कुणाची, हे आता कळायला मार्गच नव्हता.

तेवढ्यात जेवणाची ताटं आली. तिने अंदाजानेच एक कवळी द्वारकाआजींपुढे धरली.

"आजी, ही तुमचीच ना?"

आजींनी ती निरखून पाहिली. "नाही गं. पण घाल. तुला आम्ही सगळ्या सारख्याच की."

तेजलने कवळी पटकन मागे घेतली. आजींनी मात्र दुसरीच्या दातांसाठी मुकाट्याने तोंड उघडलं होतं.