नळाला लागणारी लिंबं

शनिवारी आणलेली डझनभर लिंबं बुधवारी संपलेली पाहून गिरिजाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. सुनेला विचारलं, तर दीपमाला मान वर न करता म्हणाली, "बोअरच्या पाण्यानं न्हाणीतल्या नळावर खार चढून राह्यलाय ना आत्याबाई. रोज लिंबानं घासते."

दुपारी सून झोपल्यावर गिरिजाबाई मुद्दाम न्हाणीत गेल्या. नळावर पांढरा थर होता तसाच होता. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. रोज घासणारीचा नळ असा असतो व्हय? पोरगी बिलकुल खोटं बोलून राह्यली!

त्यांनी ओट्याखालचा कचऱ्याचा डबा उपसला. तळाशी, कागदात गुंडाळलेल्या, मीठ लावून चोखलेल्या लिंबाच्या फोडी निघाल्या.

गिरिजाबाईंनी त्या फोडी पुन्हा तशाच कागदात गुंडाळून तळाशी सारल्या. मागच्या वर्षी सुनेला दिवस गेले तेव्हा मस्तगडातल्या त्यांच्या गल्लीत घरोघरी जाऊन त्याच सांगून आल्या होत्या. तिसरा महिना भरायच्या आत सगळं संपलं होतं, आणि मंग त्याच घरोघरच्या बाया दारात येऊन हळहळून गेल्या होत्या.

संध्याकाळी तातेरावांनी फ्रिज उघडला. "लिंबं पुन्हा संपली? ही सूनबाई करती तरी काय त्यांचं?"



"नळाला लागतेत. जाऊन बघा, कसा चकचक करून राह्यलाय," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि घासून घासून सोललेली बोटं त्यांनी पदराआड लपवली.