डावी बाजू

आज पोट कुणाचं बघायचं, असं मॅडमनी विचारलं आणि धाकटी सगळ्यांच्या आधी तपासणीच्या टेबलावर जाऊन आडवी झाली. एरवी या तासाला मुलं एकमेकांना पुढे ढकलत. शरीररचनेच्या पुस्तकातले अवयव जिवंत माणसात कुठे आणि कसे असतात ते सोनोग्राफीवर दाखवायचे, ही मॅडमची नवी पद्धत. शिकायला उत्तम. पण पोटाला गार चिकट जेल फासून घ्यायचं आणि आपलं आतलं सगळं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मांडायचं, हे कुणाला हवंय?

धाकटीला हवं होतं. तिला तिची डावी किडनी बघायची होती. पुढच्या आठवड्यात तिच्या तपासण्या सुरू होणार होत्या आणि सगळं जुळलं तर ती किडनी दादाला जाणार होती. दादाच्या दोन्ही निकामी झालेल्या. आईचा रक्तगट जुळत नव्हता, बाबांना मधुमेह. राहिलं कोण? एकदा जेवता जेवता धाकटी बोलून बसली, मी देते. मग काय, घरादाराने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आत्या तर फोनवर रडलीच. तेव्हापासून पोरीला ऑपरेशनची धास्ती वाटायची, पण ते बोलून दाखवायची सोय उरली नव्हती. जातेच आहे तर निदान एकदा तिचं तोंड तरी बघू, एवढंच तिच्या मनात होतं.

पोटावर फिरवायचा प्रोब तिच्या मैत्रिणीच्या हातात होता. उजवी किडनी लगेच सापडली. यकृताच्या मागे, चांगली ठसठशीत. मॅडम म्हणाल्या, वा, बाळसेदार आहे की. वर्ग हसला आणि मान वाकडी करून पडद्याकडे बघणारी धाकटीही हसली.

डावीकडे मात्र मैत्रिणीला काही सापडेना. प्लीहा दिसली, आतडी दिसली, किडनीचा पत्ता नाही. हिची घरी राहिली वाटतं, असं मागून कुणीतरी म्हणालं. मैत्रीण घामाघूम. मॅडमनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. अंधारात चप्पल शोधल्यासारखा हात काय फिरवतेस, जरा दाबून धर, तिला श्वास रोखायला सांग. धाकटीने श्वास रोखला, सोडला, पुन्हा रोखला. शेवटी वैतागून मॅडमनी प्रोब स्वतःच्या हातात घेतला.

त्यांचा हात सराईत होता. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, पाठीकडून बघितलं. कधीकधी ही जागा सोडून खाली बसलेली असते, असं वर्गाला सांगत ओटीपोटापर्यंत गेल्या. मग हात लांब करून त्यांनी भिंतीवरचा पडदा बंद केला आणि म्हणाल्या, आज इथेच थांबू या.

मुलं पांगली. मैत्रीण दाराशी घुटमळत होती, तिलाही मॅडमनी बाहेर पाठवलं. धाकटीला पोट पुसायला कागद दिला, स्टूल ओढून जवळ बसल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. डावी किडनी दिसत नाही. बहुतेक जन्मापासूनच नसावी. असतं असं काही जणांना, आयुष्यभर कळतसुद्धा नाही. उजवी मोठी आहे ती त्यामुळेच, दोघींचं काम एकटी करते आहे. नीट स्कॅन करून खात्री करून घेऊ.

"घाबरायचं काही कारण नाही," मॅडम म्हणाल्या. "एका किडनीवर माणूस म्हातारा होईपर्यंत मजेत जगतो. फक्त कुणाला द्यायची वेळ आली तर देता येणार नाही, एवढंच."

त्या आपल्या सहज बोलून गेल्या. त्यांना काय माहीत!

धाकटीचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर आधी तेच झालं. खांदे सैल झाले, कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास आला आणि सुटले बाई एकदाची, असं मनात येऊनही गेलं. दादा आठवला तो त्यानंतर. आणि मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ओंजळीत तोंड खुपसून ती हमसाहमशी रडायला लागली. मॅडमना वाटलं, पोर घाबरली. तुला काही झालेलं नाही गं, असं म्हणत त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बाहेर जिन्यात येऊन तिने थेट दादाला फोन लावला. आईला आधी सांगितलं असतं तर आईने सगळं गोड करून त्याच्यापर्यंत पोचवलं असतं, आणि ते तिला नको होतं. दादा डायलिसिसला होता. एका हातात सुया, दुसऱ्या हातात फोन, आणि बोलणं बोबडं, कारण तोंडात बर्फाचा खडा. त्याला पाणी अगदी बेताचं प्यावं लागतं, म्हणून घसा फारच सुकला की नर्स एखादा खडा चघळायला देते.

तिने एका दमात सांगून टाकलं. डावी किडनी नाहीच, आता देता येणार नाही. तिथे थांबली असती तरी चाललं असतं, पण थांबवेना.

"दादा, हे कळल्यावर आधी मला बरं वाटलं रे. सुटले, असं वाटलं."

पलीकडे यंत्राची घरघर चालू होती. खडा दातांवर आपटल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुला एकच आहे तर," दादा म्हणाला. "मग जप तिला. पाणी पीत जा, ठमे. भरपूर पीत जा."