चौतीस ताटं आणि एक होडी

रविवारी दुपारी वर्षाराणी स्वतःच्याच स्वयंपाकघराबाहेर पाहुण्यासारखी बसली होती आणि आत दुसरीच बाई भाजक्या धान्य-मसाल्यांच्या येसराच्या आमटीला फोडणी देत होती. लातुरात क्लासला आलेल्या चौतीस मुली तिच्या मेसवर दोन्ही वेळा जेवायच्या. अठरा वर्षं ती पहाटे चारला उठून गॅस पेटवत होती आणि एवढ्या काळात त्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाची पळी फिरली नव्हती.

पुण्याच्या लेकीनं, तनुजानं, आईवडिलांचं जहाजाचं तिकीट काढलं होतं. जानेवारीत मुंबईहून लक्षद्वीप, पाच दिवस. वर्षाराणीनं नाही म्हणून पाहिलं. नीटची परीक्षा तोंडावर, मुलींनी पाच दिवस बाहेरचं खाल्लं आणि पोट बिघडलं तर कुणाचं वर्ष बुडायचं? शेवटी तिनं अट घातली. निलंग्याकडची गुरम्मा लग्नकार्यात स्वयंपाक करायची, तिला एक दिवस बोलवायचं, मुलींना काही कळू द्यायचं नाही, आणि एकीनंही नाक मुरडलं तर तिकीट रद्द.

खरं तर तिला जायचं होतं. फार जायचं होतं. झोपून उठलं तरी न जाणारा शीण अंगात मुरला होता, आणि तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण विचारणाऱ्याला ती 'मी बरी हाय' असंच सांगायची.

तनुजा शेजारी मोबाईल घेऊन बसली होती. जहाज बेटापाशी थांबलं की काय करायचं ते जहाजवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. तिनं आईला फोटो दाखवला. बेटाभोवती प्रवाळाचं कडं, त्याच्या आत अडलेलं हिरवंनिळं पाणी आणि त्यावर दोन माणसांची पिवळी, अरुंद होडी.

वर्षाराणीनं बाजारात भाजी पारखावी तसा फोटो पारखला. लाटा किती, पाणी किती खोल, पोहता येत नसेल तर काय, साडी चालते का, सगळं विचारून झालं. लाट बाहेरच फुटते, पाणी छातीभर आहे, जाकीट देतात, साडी चालत नाही, अशी उत्तरं तनुजानं न कंटाळता दिली.

"तू पुढं बस, मी मागून वल्हवतो," दयानंद आरशापुढून म्हणाला. डाळ मिलच्या हपिसातून रिटायर झालेला हा माणूस सकाळपासून नवी टोपी घालून हिंडत होता. घरात पाण्याचा तांब्या त्यानं कधी आपल्या हातानं भरला नव्हता, आणि आता निघाला होता बायकोला समुद्रातून फिरवायला. मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं आणि हसू गिळलं.

"आन् वल्हवता वल्हवता हात दुखले तर?" वर्षाराणीनं विचारलं.

"तर थांबायचं. होडी तरंगत राहती," तनुजा म्हणाली.

"आन् आपण थांबलो तर बाकीचे?"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतेत, आई."

हे काही तिला पटलं नाही. तेवढ्यात मुलींची क्लासमधली टेस्ट सुटली आणि जिन्यात चपलांचा गोंधळ उडाला.

ताटं वाढायला नेहमीप्रमाणे तीच उभी राहिली, नाहीतर मुलींना संशय आला असता. गुरम्मा आत दाराआड थांबली. बाईंच्या घरी जाऊन बाईंचीच आमटी करायची म्हणून सकाळपासून तिनं चारदा चव घेऊन पाहिली होती.

वर्षाराणीचं लक्ष अर्शियाकडं होतं. जळकोटची ही मुलगी दुसरं वर्ष काढत होती आणि जिभेची मोठी तिखट. मिठाचा खडा कमी पडला तरी सांगायची, पोळी सकाळची असेल तर नुसत्या बोटानं ओळखायची. अर्शियानं भाकरी कुस्करली, आमटीत कालवली, पहिला घास घेतला. वर्षाराणीच्या हातातली पळी तशीच राहिली. पोरीनं आता काहीतरी खोड काढावी असं तिला वाटत होतं की काढू नये असं, तिचं तिलाच ठरवता येईना.

अर्शिया शेजारणीशी फिजिक्सच्या चुकलेल्या गणितावर बोलत होती. बोलता बोलता तिनं वाटी पुढं केली.

"मावशी, अजून द्या ना थोडी."

"बरी झाली का गं?" वर्षाराणीनं वाटी भरता भरता विचारलं.

अर्शियाला प्रश्नच कळला नाही. तिनं क्षणभर मावशींकडं पाहिलं. "नेहमीसारखीच तर हाय," ती म्हणाली आणि पुन्हा गणिताकडं वळली.

बाकीच्या तेहतीस जणींनी तेवढंही म्हटलं नाही. जेवल्या, ताटं घासायला टाकली, अभ्यासाला पळाल्या. पातेलं तळापर्यंत रिकामं झालं.

गुरम्मा दारातून डोकावली. "काय म्हनल्या पोरी, बाई?"

"नेहमीसारखीच झाली म्हनल्या."

गुरम्माचा चेहरा असा उजळला की वर्षाराणीला तिच्याकडं बघवेना. गुरम्मानं पदरानं कपाळ पुसलं आणि भांडी आवरायला आत गेली.

तनुजा मोबाईल घेऊन धावतच आली. "झालं की मग, आई. पास झाली गुरम्मामावशी. लिहू आता होडी?"

"लिही," वर्षाराणी म्हणाली. ती मुलींच्या बाकावर, अर्शियाच्या जागी बसली. पळी अजून हातातच होती. दयानंद आतून टोपीबद्दल काहीतरी विचारत होता.

"तनू," ती म्हणाली, "मी नसले तरी चालतंय, हे अठरा वर्षांत मला कुणी सांगितलं का न्हाई गं?"