वधूची जन्मतारीख

"टाइप मिसमॅच" असं लिहिलेला करडा चौकोन पुन्हा पडद्यावर आला, आणि रवीनं टेबलावर अशी थाप मारली की रंगरावांच्या चहाची कपबशी उडाली. सकाळपासून तो या प्रोग्रामशी झगडत होता. आता त्याचं डोकं भणाणलं होतं.

लग्नाचा हॉल मोताळ्याचा, आणि लग्न रवीच्याच पुतणीचं, छकुलीचं. हॉलचे मालक रंगराव मागे एकदा एकाच मुहूर्तावर दोन वऱ्हाडं बोलावून बसले होते आणि मार खाता खाता वाचले होते. तेव्हापासून कम्प्युटरनं पावती काढल्याशिवाय ते कुणालाही तारीख देत नसत. आणि कम्प्युटर छकुलीची पावती काही केल्या काढत नव्हता. त्याच मुहूर्तासाठी पिंपळगाव राजा या गावची एक पार्टी घरून निघालीसुद्धा होती. ती पोचायच्या आत पावती हातात आली नाही, तर हॉल गेलाच म्हणायचा.

म्हणून छकुलीच्या बापानं, म्हणजे थोरल्या भावानं, प्रेमनं, रवीला बुलढाण्याहून बोलावून घेतलं होतं आणि तो सकाळपासून शेजारीच बसून होता. दुकानांतले, दवाखान्यांतले असले प्रोग्राम दुरुस्त करणं हाच रवीचा धंदा. शिवाय स्थळही त्यानंच आणलेलं. मुलगा रेल्वेत, सुट्टी मे महिन्यातच मिळणार. आता एका फडतूस फॉर्मपायी सगळं अडलं म्हणजे रवीचीच शोभा होणार होती.

टाइप मिसमॅच म्हणजे रकान्यात भलत्याच प्रकारची माहिती भरलेली, आणि ती चूक वधूच्या जन्मतारखेच्या रकान्यात होती, एवढं त्याला चटकन कळलं होतं. पण त्यापुढे गाडी सरकत नव्हती. कम्प्युटर दिवसाच्या आधी महिना धरत असेल म्हणून त्यानं तारखेची मांडणी तपासली. ती ठीक होती. तिरप्या रेघा काढून आडव्या टाकल्या, साल चारही आकड्यांत लिहिलं. काही फरक पडला नाही. मग स्वतःच्या बायकोची जन्मतारीख टाकून पाहिली, ती फॉर्मनं मुकाट घेतली. रंगरावांच्या सुनेचीही घेतली. छकुलीची टाकली की टाइप मिसमॅच. या यंत्राचं नेमकं त्याच्या पुतणीशीच वैर होतं की काय कोण जाणे.

प्रोग्राम कुणी लिहिला, असं त्यानं दात खात विचारलं. पुष्पांजली नावाची पोरगी ऑफिसात होती, तिनं लिहिला, आता ती नोकरी सोडून गेली, असं रंगरावांनी सांगितलं. मग त्यांनीही आपलं गाऱ्हाणं काढलं. अशी चूक मधून मधून येतच असते, गिऱ्हाईक वैतागून दुसऱ्या हॉलला जातं, आपलं नुकसान होतं.

"चार दिवस क्लासले जातात अन् प्रोग्राम लिहाले बसतात," रवी फणकारला. त्या न पाहिलेल्या पुष्पांजलीचा मनातल्या मनात यथेच्छ उद्धार करत त्यानं फॉर्ममागचा कोड उघडला.

तो ओळीमागून ओळ वाचत गेला. हे काम गबाळं नव्हतं. लग्नाच्या दिवशी वधूचं वय किती भरतं, ते तिनं अगदी नीट काढलं होतं. त्याखाली एक अट होती. वय अठराच्या आत असेल, तर टाइप मिसमॅचची चूक दाखव. म्हणजे चूक होत नव्हती. कुणीतरी ती मुद्दाम उभी केली होती. शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती: मुलगी लहान असेल तर हीच चूक दाखवायची. खरं कारण दाखवलं तर मालक ही ओळ काढायला लावतील.

रवीनं बोटांवर हिशेब केला. मग पुन्हा केला. लग्नाच्या दिवशी छकुलीला सतरा वर्षंसुद्धा पूर्ण होत नव्हती.

तिला शाळेत लवकर घातलं होतं. घरात सगळ्यांची वयं इयत्तेवरून मोजायची पद्धत. बारावी झाली म्हणजे पोरगी अठराची झाली, असं रवीही धरून चालला होता. दर वाढदिवसाला केक घेऊन जाणारा हा काका! लग्न ठरवायची बैठक झाली त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच म्हणाली होती, काका, मले नर्सिंगले जायचं हाय. त्यानं तिला टपली मारली होती आणि हसून बाहेर पाहुण्यांत जाऊन बसला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. पुष्पांजलीला घातलेल्या सगळ्या शिव्या आता त्याला आपल्याच नावानं ऐकू येत होत्या.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. पिंपळगाव राजाची पार्टी आली होती. प्रेम खुर्ची पुढे ओढून त्याच्या कानाशी वाकला.

"काऊन एवढा तरास घेतं बे? दोन सालं मांगची तारीख टाकून दे. कोन पाह्यते?"

रवीनं वळून भावाकडं पाहिलं. त्यानं पडद्यावरचं अक्षरसुद्धा वाचलं नव्हतं, त्याला ते वाचता येतही नव्हतं. तरी किती सालं मागे न्यायची, हे त्याला क्षणभरही मोजावं लागलं नव्हतं.

रवीनं कोडमधल्या एकाही अक्षराला हात न लावता पडद्यावरची खिडकी बंद केली. रंगराव दारातून नव्या पार्टीला बसायला सांगत होते. तिथूनच त्यांनी चूक सापडली का, म्हणून विचारलं.

"सापडली," रवी म्हणाला. "आमच्या घरात हाय. हॉल त्याईले द्या."