नुसतं गिरवलेलं पान

चार वाजायला दहा मिनिटं असताना चित्रकाराने आपल्या चित्रकथेचं पान हातात घेतलं आणि पहिलवानाच्या चेहऱ्यावर त्याला दोन नाकं दिसली.

एक नाक खरं. दुसरं पेन्सिलीने काढताना चुकलं म्हणून त्याने तसंच सोडून दिलेलं. एरवी शाई लावताना बायको नेमकं खरं तेच नाक उचलायची आणि चुकलेलं खोडून टाकायची. आज दोन्ही शाईत होती. चेहऱ्याचा मध्य धरायला मारलेली फुलीही शाईत होती. चहाच्या कपाचा गोल डागसुद्धा तिने इमानेइतबारे गिरवला होता आणि तो नेमका पहिलवानाच्या पोटावर आला होता. खाली समासात चित्रकाराच्याच अक्षरात, पण शाईत, सूचना होती: 'पायाखाली रेघ जाड कर.'

जाड नव्हती. कुठेच नव्हती. दंड, मिशी, विजेचा खांब, खांबावरची माशी, सगळं एकाच जाडीचं, तारेसारखं. एकशेवीस किलोचा पहिलवान जमिनीपासून सुटून फुग्यासारखा तरंगत होता. ज्याला तो आपटणार होता तो गुंडही शेजारी तरंगत होता. दोघं वाळत घातलेल्या कपड्यांसारखे दिसत होते.

फोन वाजला. साप्ताहिकाचे संपादक.

"पाचला माणूस पाठवतोय. या खेपेला पान नसेल तर त्या जागी साबणाची जाहिरात जाईल. पुढेही तीच राहील. साबण वेळेवर येतो, बरं का."

"झालंच. शाई वाळतेय."

"गेल्या खेपेला शाई वाळत होती तेव्हा तुम्ही पेन्सिलीला टोक काढत होतात."

चित्रकाराने फोन ठेवला. हे कशामुळे झालं ते त्याला ठाऊक होतं. परवाच्या पेपरात त्याची मुलाखत आली होती. बायकोची मदत होते का, असं विचारल्यावर तो हसून म्हणाला होता, "तिचं काय, मी काढतो, ती नुसती गिरवते." तेव्हापासून घरात बोलणं बंद होतं. पान मात्र न मागता टेबलावर आलं होतं. तिथेच त्याला संशय यायला हवा होता.

त्याने काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला, पानावर कोरा कागद ठेवला आणि टाक उचलला. बावीस वर्षांत त्याने शाईला हात लावला नव्हता. टाचेखाली रेघ जाड करायला त्याने जोर दिला, तशी निब फाकली, शाई उडाली आणि पहिलवानाला कांजिण्या आल्या. दुसऱ्या कागदावर टाक घसरला. जाडी पायाऐवजी नाकाला गेली आणि अख्खा गडी नाकावर उभा राहिला. तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. आता एकच कागद उरला होता, आणि वाजले होते साडेचार.

तो आतल्या खोलीत गेला. बायको निबा पुसत बसली होती. पुसायला परवाचा पेपर घेतला होता. मुलाखतीतल्या त्याच्या फोटोला दाढी आली होती.

"अगं, हे काय केलंस?"

"गिरवलं."

"कपाचा डाग?"

"पानावर होता. काय घ्यायचं नि काय सोडायचं, ते ठरवणारी मी कोण?"

"पाचला माणूस येतोय."

"येऊ दे की. दार उघडीन मी. तेवढं येतं मला."

तो दारातच घुटमळला. "तो वार्ताहर घाईत होता गं. मी पुढे आणखीही बोललो होतो. त्याने छापलंच नाही."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "काय बोललात?"

त्याने बोटांवरची शाई शर्टाला पुसली.

"काहीच नाही बोललो," तो म्हणाला.

तिने दुसरी निब पुसायला घेतली.

तो बाहेर गेला. शेवटचा कागद पानावर लावला. कोपऱ्यात दर आठवड्याला जिथे त्याची एकट्याची सही असायची, तिथे पेन्सिलीने सही केली, थांबला, आणि सहीखाली बायकोचं नाव लिहिलं. मग खुर्चीवरून उठून बाजूला उभा राहिला.

पाच मिनिटांनी ती आली. कोपरा बघितला.

"फिकं दिसतंय."

"हो. पुढचं मला येत नाही."

ती बसली. आधी टाच. टाक सावकाश सरकला, दबला, निब उघडली, तळव्याखाली रेघ फुगत गेली आणि पहिलवान धप्पकन जमिनीवर उभा राहिला. चित्रकाराला ते स्वतःच्या पायांत जाणवलं. गुंडाची मानगूट तिने इतकी बारीक ओढली की ती थरथरते आहे असं वाटावं. दुसरं नाक गेलं. माशी राहिली. तो सारखा घड्याळाकडे बघत होता, ती एकदाही बघत नव्हती. सगळ्यात शेवटी ती कोपऱ्याकडे वळली.

पाचला दोन मिनिटं कमी असताना घंटी वाजली.

"आडवंच धरा, ओलं आहे," चित्रकार दारातल्या माणसाला म्हणाला आणि पान देता देता थबकला. कोपऱ्यात बायकोचं नाव काळंभोर, दोरखंडासारखं जाड. त्याच्या वर स्वतःचं नाव आहे की नाही हे बघायला त्याला चष्मा कपाळावरून खाली घ्यावा लागला.

होतं. केसाएवढं.

"अगं, हे..."

"मी काय, नुसती गिरवते," ती म्हणाली आणि टाक पाण्यात बुडवला.