दादाचा पासवर्ड

ऑनलाइन मुलाखत तासावर आली आणि वैष्णवीचा कॉम्प्युटर अडून बसला. तिनं बनवलेलं ॲप एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आभासी फोनवर दाखवायचं होतं, पण त्यासाठी लागणारं व्हर्च्युअलायझेशन बंद. ते चालू करायला बायोसमध्ये, कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये शिरावं, तर तिथं युवराजदादानं टाकलेला पासवर्ड. तो घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून भवानी पेठ सोडून गेला, तेव्हापासून वडिलांनी, आबांनी, घरात त्याचं नावही घेऊ दिलं नव्हतं.

"काय अडलंय?" आबा दारातच उभे होते.

तिनं स्क्रीनकडं बोट केलं. "पासवर्ड लागतोय. दादाचा हाय."

आबांच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी खिशातला फोन काढला आणि तोंडपाठ असल्यागत नंबर दाबला.

"युवराज, बहिणीला पासवर्ड सांग," ते म्हणाले. "आन् नातीचा ताप उतरला का रं?"